अनुभव धागा : वादळानंतर पहिलं काय वाजलं?

हरिकेन म्हणजे काय, हे अमेरिकेत येईपर्यंत मला फक्त भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं. मग एक अंगावर आलं. अशा दिवसांत गाण्याबजावण्यानं तुमच्या वस्तीला सावरायला मदत झाली का? झाली नसेल तर तेही लिहा, उगाच गोड लिहू नका. सुरुवात मीच करते; तुम्हीही वर गाव आणि वादळाचं नाव टाकून लिहा.

ह्यूस्टन, हार्वी

२०१७ ची गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती. सकाळी आमच्याकडे गणपती बसले आणि त्याच रात्री हार्वी हे हरिकेन टेक्ससमधल्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. आमचा दीड दिवसाचा गणपती. शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे बादलीत विसर्जन केलं, आणि रविवारी पहाटे सगळं घरच बादलीसारखं भरलं. (यावर हसायला मला वर्ष लागलं.) वरच्या मजल्यावर नेलं ते कागदपत्रं, औषधं आणि मुलगी. सासऱ्यांची पेटी आणि तबला-डग्गा खालीच राहिले.

पाणी ओसरल्यावरचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. भिंतींचे ओले जिप्समचे तक्ते कापून काढायचे, रस्त्याकडेला ढीग लावायचे. गल्लीत दहा दिवस फक्त हातोडे आणि पंप. पेटीचं लाकूड फुगलेलं, भात्याला चिखल, आणि पंचमाची पट्टी दाबली की वर यायचीच नाही. भाता हलवला की नुसता पंचम चालू. मी ती ढिगावर ठेवायला निघाले होते.

समोरच्या घरातले मेक्सिकन आजोबा रस्ता ओलांडून आले. ते अकॉर्डियन वाजवतात, आणि आतलं शास्त्र शेवटी तेच, हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या जिभा. त्यांनी वरची फळी उघडली, एकेक पितळी सूर सोडवला, पुसला, पुन्हा बसवला. पट्ट्यांच्या कडा पॉलिशपेपरनं घासल्या. पाच सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, आम्ही त्या ढिगांच्या मधोमध आरती केली. गणपती नव्हता, फोटो होता. गल्लीतल्या कुणाला शब्द येत नव्हते, पण झांज कुठे पडते ते दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांना कळलं. नंतर आजोबांनी अकॉर्डियनवर पोल्का हा नाचाचा ठेका वाजवला आणि शेजारीण पहिल्यांदा रडली. तोवर ती नुसती विम्याच्या फोनवर असायची.

पेटीतला एक कोमल निषाद अजून बोलत नाही. राहू दे.

न्यू ऑर्लिन्स, कट्रिना

मी तेव्हा तिथल्या तुलेन विद्यापीठात शिकत होतो. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ आलं, पण शहर बुडालं ते बांध फुटल्यामुळे. जवळजवळ ८० टक्के शहर पाण्याखाली. हा फरक तिथले लोक अजूनही ठासून सांगतात, कारण वारा निसर्गाचा, बांध माणसांचे. आमचं विद्यापीठ जानेवारीत उघडलं. परत आलो तर घराघरावर पाण्याची तपकिरी रेघ आणि शोधपथकांनी रंगवलेल्या फुल्या.

तिथे 'सेकंड लाइन' नावाची मिरवणूक असते. मूळ अंत्ययात्रेतली. स्मशानाकडे जाताना बँड संथ भक्तिगीतं वाजवतो, मृताला निरोप दिला की ठेका उडता होतो. घरचे आणि वाजवणारे ही पहिली रांग, मागून छत्र्या-रुमाल नाचवत येणारा सारा मोहल्ला ही दुसरी. मला आमच्याकडचं भजनी मंडळ आठवलं, खांदेकऱ्यांबरोबर टाळ घेऊन चालणारं. फक्त आपण परतताना गप्प असतो.

मी पाहिलेल्या मिरवणुकीत लोक ह्यूस्टनहून, अटलांटाहून रात्रभर गाडी चालवून आले होते. राहायला घर नाही, तरी चार तास चालायला आले. एक बाई ट्रॉम्बोनच्या मागे नाचता नाचता थांबली आणि एका रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे माझं स्वयंपाकघर." मग पुन्हा रांगेत शिरली. २८ फेब्रुवारी २००६ च्या मार्दी ग्राबद्दल, म्हणजे तिथल्या मोठ्या कार्निव्हलबद्दल, बाहेरचे विचारत होते, मेलेल्यांच्या शहरात उत्सव कसला? गावातही दुमत होतं. मला स्वतःला सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

रॉक अँड रोलचे नावाजलेले गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो बुडालेल्या लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीतच राहायचे. ते गेले असं समजून कुणीतरी त्यांच्या घरावर श्रद्धांजलीही रंगवली होती. प्रत्यक्षात त्यांना बोटीतून वाचवलं होतं. पाण्यात पडलेला त्यांचा पांढरा स्टाइनवे पियानो नंतर दुरुस्त करून संग्रहालयात ठेवला.

एक मात्र सांगतो. 'संगीतानं शहर वाचवलं' असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, वाजवणारे राहणार कुठे? बरेच वादक भाडेकरू होते, गेले ते गेलेच. म्हणून मला तिथलेच संगीतकार हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस यांनी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेबरोबर उभं केलेलं काम जास्त मोलाचं वाटतं. अपर नाइन्थ वॉर्डातलं म्युझिशियन्स व्हिलेज, ७२ घरं. मध्यभागी मुलांना संगीत शिकवायला ब्रॅनफर्डच्या वडिलांच्या नावाचं एलिस मार्सालिस केंद्र, ते २०११ मध्ये उघडलं.

प्वेर्तो रिको, मारिया

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. मी विजेच्या कामासाठी तिथे गेले होते. २० सप्टेंबर २०१७ ला सगळ्या बेटाची वीज गेली, काही डोंगरी वस्त्यांत ती दहा-अकरा महिन्यांनी आली. संध्याकाळ म्हणजे जनरेटरची घरघर.

तिथलं 'प्लेना' हे गाणं पँडेरेतावर चालतं. आपल्या डफासारखंच, पण तीन आकारांचं. मोठा ठेका धरतो, लहान मनाला येईल तसं बोलतो. या प्रकाराला 'गायलेलं वर्तमानपत्र' म्हणतात. मी ऐकलं त्यात डिझेलची रांग होती, छपरावरची निळी ताडपत्री होती, हेलपाटे घालायला लावणारा अधिकारीही होता. एक जण ओळ टाकणार, बाकीचे धरणार. ज्याची तक्रार कुणी लिहून घेत नव्हतं, ती तिथे तीस जण धरून गात होते. मी वायरमनच्या बुटांत मागे उभी. आमच्यावरही एक ओळ झाली, बोचरी होती. खरीही होती.

ह्यूस्टन, हार्वी

मीही ह्यूस्टनचीच. मला मात्र गाणं सोसेनाच. सहा महिने. मुलगा शाळेतला रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखं वाद्य, फुंकायचा, त्याची ती बारीक शिट्टी म्हणजे थेट खिडकीच्या फटीतला वारा. बिचाऱ्याला गॅरेजमध्ये पाठवायचे. लोक म्हणायचे, मन रमव, काहीतरी ऐक. मला शांतता हवी होती. एवढंच.

धागाकर्ती

बरं झालं लिहिलंत. कुणीतरी तबल्याचं विचारलंय. भिजलेला तबला उन्हात ठेवू नका, पुडी तडकते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, आणि वाद्या आधी सैल करा. शाईवर बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं, हलक्या हातानं. आमचा डग्गा वाचला, तबल्याची पुडी गेली. नवीन भारतातून यायला डिसेंबर उजाडला. तोवर सासरे नुसत्या डाव्या हातानं ठेका धरायचे आणि उजव्यानं मांडीवर.