अलास्का: बोटीतून, रेल्वेतून, बसमधून... तुमचे अनुभव लिहा

कोकमकढी:
'जागा संपली' म्हणून फोनने काल हट्टच धरला, तेव्हा जुने व्हिडिओ उडवत बसले होते. त्यात हा सापडला. ग्लेशियर बे, समोर मार्जरी ग्लेशियर, इंजिन बंद केल्यावर डेकवर सगळे चिडीचूप. आणि बर्फाचा एक अख्खा कडा सुटून पाण्यात. आधी नुसतं दिसतं, आवाज मागाहून येतो, तेव्हा कळतं की आपण वाटतं त्याच्यापेक्षा कितीतरी लांब आहोत. त्या गडगडाटाच्या पाठोपाठ आमच्या सासूबाई खणखणीत ओरडल्या, "गणपती बाप्पाऽऽ" आणि डेकच्या पार दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, "मोरया!" तोवर बोटीवर आणखी कुणी मराठी आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नाशिकचं कुटुंब निघालं. रात्री जेवायला टेबलं जोडली, आणि त्यांच्याकडे लसणाची चटणी होती!

व्हिडिओ ठेवला. नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीचे उडवले.

त्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने येऊन आमच्या बोटीवर चढले आणि दिवसभर माईकवरून माहिती देत होते. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसं इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फ होता. १९१६ पर्यंत तो ६५ मैल मागे गेला. म्हणजे आमची बोट सकाळपासून ज्या पाण्यातून चालली होती तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फच बर्फ. आणि दिवसाला दोनच मोठ्या बोटी आत सोडतात, म्हणून गर्दी नाही.

पण मला विचाराल तर बोट ही निम्मीच गोष्ट. सगळे बोटीच्या बुफेबद्दल बोलतात, जमिनीवरच्या अलास्काबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही व्हिटियरला उतरून पुढे देनाली आणि फेअरबँक्स केलं. जून होता. फेअरबँक्सला सूर्य रात्री पाऊण वाजता मावळतो आणि तीनच्या आत पुन्हा हजर, मधे अंधार म्हणून नाहीच. सासूबाईंचा एकच प्रश्न, दिवेलागण कधी धरायची? शेवटी घड्याळात सात वाजले की पडदे ओढायचे, हात जोडायचे, शुभंकरोती म्हणायचं. हॉटेलवाल्याला वाटलं आम्ही झोपलो.

तुम्ही कोण कोण गेलाय? लिहा. अलास्काच पाहिजे असं नाही, उत्तरेकडचं काहीही चालेल.

माणदेशी:
मी पहिला. कुकर लावलाय, नंतर लिहितो.

शेवंती:
दिवेलागण वाचून हसले. आमच्या आईची संकष्टी फेअरबँक्सला आली होती. चंद्रच नाही! जूनमध्ये पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तिकडे क्षितिजावर जेमतेम डोकावतो, त्यात समोर डोंगर आणि ढग. आई म्हणाली, सोलापूरच्या पंचांगातली वेळ धरू. मग सोलापूरची वेळ अलास्कात किती वाजता यावर बाबा आणि माझा भाऊ यांचं अर्धा तास भांडण. तिला जेवायला मिळालं तेव्हा आमचा नाश्ता चालला होता.

घाटमाथा:
आमचे बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. अस्वल दिसलं, "बरं". व्हेल दिसला, "मोठा आहे". फेअरबँक्सच्या बाहेर फॉक्सजवळ तेलाची पाइपलाइन दाखवायला थांबवलं आणि हा माणूस तिथून हलेना.

मलाही नंतर पटलं. ८०० मैल लांब, उत्तरेच्या प्रूडो बेपासून वाल्डीझ बंदरापर्यंत, १९७७ ला तेल सुरू झालं. तेल गरम, खाली जमीन कायमची गोठलेली. पाइप पुरला तर जमीन वितळून खचणार, म्हणून निम्म्याहून जास्त लांबी खांबांवर. त्यातल्या बऱ्याच खांबांमध्ये अमोनियाच्या नळ्या आणि वर ॲल्युमिनियमच्या पात्या. हिवाळ्यात खालच्या उष्णतेने अमोनियाची वाफ होते, वर येऊन गार होते, पुन्हा खाली. जमीन गोठलेली राहते आणि वीज लागत नाही. पाइप सरळ न नेता नागमोडी नेलाय, थंडीत आकुंचन, उन्हात प्रसरण, भूकंपात सरकायला जागा. २००२ मध्ये ७.९ चा भूकंप झाला, पाइप तुळयांवरून सरकला पण फुटला नाही. हे बाबांनी गाइडकडून तीनदा वदवून घेतलं.

परत आल्यावर सोसायटीत सगळ्यांना फोटो दाखवतात. एकही ग्लेशियर नाही, सगळे खांब.

कोकमकढी:
घाटमाथा, काकांना नमस्कार सांगा. आमच्याकडच्यांनी ती पाइपलाइन बसमधून झोपेत पाहिली.

चिंचगुळ:
मधेच विचारते, माफ करा. अमेरिकेचा व्हिसा आहे. कॅनडाचा वेगळा लागेल का? एजंट म्हणतो बघू.

भटकभवानी:
भारतीय पासपोर्ट असेल तर 'बघू' वगैरे नाही, लागतोच. व्हँकुव्हरहून बोट पकडलीत तर उघडच आहे. सिॲटलहून सिॲटललाच परत येणारी बोट घेतलीत तरी ती मधे कॅनडात, बहुतेक व्हिक्टोरियाला थांबते. कारण १८८६ चा एक अमेरिकन कायदा, परदेशी झेंड्याच्या बोटीने सिॲटलहून निघून नुसती अमेरिकन बंदरंच करत परत येता येत नाही. आणि जवळजवळ सगळ्या मोठ्या बोटी परदेशी झेंड्याच्याच. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना ते एजंटच्या आधी तू बघ.

आता माझा अनुभव. देनाली. खाजगी गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंतच, पुढे उद्यानाची बस. नियम सोपा, कुणाला जनावर दिसलं की "स्टॉप!" ओरडायचं, ड्रायव्हर थांबतो. आमच्या बसमध्ये एक आजोबा प्रत्येक खडकाला स्टॉप म्हणत होते. पाचव्या खडकाला पाय फुटले आणि ते अस्वल निघालं! ग्रिझली, अगदी पिवळट भुरं, मान खाली घालून मुळं उकरत होतं. आमच्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर आजोबांना बसमध्ये भलताच मान.

रस्ता ९२ मैलांचा, पण २०२१ मध्ये दरड खचल्यामुळे आमची बस ४३व्या मैलावरून परत फिरली. आणि खुद्द देनाली पर्वत? २०,३१० फूट उंच, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच, आणि दिवसभर ढगात. येणाऱ्यांपैकी तीसेक टक्क्यांनाच दिसतो म्हणतात. दुकानात 'मी तीस टक्क्यांतला' असे टी-शर्ट टांगलेले. आम्ही नुसते बघून आलो. टी-शर्टच.

नागझिरा:
आम्हाला दिसला. दोन्ही दिवस. पूर्ण. जळा.

भटकभवानी:
नागझिरा, तुमचं नाव ताडोबातल्या अस्वलांना कळवलं आहे.

माणदेशी:
कुकर झाला. देनालीचं नाव बदललं ना परत? पोरगा म्हणतो मॅकिन्ली.

नागझिरा:
२०१५ ला मॅकिन्लीचं अधिकृत देनाली झालं, २०२५ ला केंद्र सरकारने पुन्हा मॅकिन्ली केलं. उद्यानाचं नाव मात्र देनालीच आहे. तिथली माणसं पूर्वीपासून देनालीच म्हणतात.

अजून एक, तिथली कुत्र्यांची शाळा चुकवू नका. हिवाळ्यात उद्यानाच्या आतल्या भागात रेंजर अजूनही घसरगाडीने गस्त घालतात, त्यासाठी पाळलेली कुत्री. उन्हाळ्यात चाकांची गाडी जुंपून दाखवतात. पट्टा बघितला की सगळी एकदम उड्या मारत केकाटतात, 'मला घे मला घे'. नऊ वर्षांची झाली की निवृत्त, मग लोक दत्तक घेतात. बायकोने फॉर्म विचारला होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ठाण्यात.

वेंगुर्ल्याचो झिल:
सगळ्यांचं वाचलं. आता माझी बाजू. मी बोटीवर लॉन्ड्रीत होतो, अलास्का सीझन, मे ते सप्टेंबर. आमका खंयचो ग्लेशियर! लॉन्ड्री पाण्याच्या पातळीच्या खाली, खिडकी नाही. ग्लेशियरचा दिवस आम्हाला कसा कळायचा, तर बर्फाचे तुकडे बाहेरून पत्र्याला ठण् ठण् लागायचे. आणि त्या दिवशी ब्लँकेटं जास्त यायची धुवायला, लोक डेकवर घेऊन जातात ना, वर हॉट चॉकलेट सांडतात.

एकदा आमच्या फिलिपिनो सुपरवायझरने दोघादोघांना दहा मिनिटं वर सोडलं. मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर गेलो. हबर्ड ग्लेशियर होता. निळा. बर्फ निळा कसा काय म्हणून मी बाजूच्या गोऱ्या बाईलाच विचारलं. तिने समजावलं, वर्षानुवर्षं दाबून दाबून आतली हवा जाते, मग तो लाल प्रकाश खाऊन टाकतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. पाण्यात तरंगणाऱ्या बर्फातून बारीक तडतड येत होती, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी. जुनी हवा फुटते म्हणाली. दहाची बारा मिनिटं झाली, सुपरवायझर काही बोलला नाही.

गणपतीला घरी नव्हतो तेवढं मात्र लागलं. घरात सकाळी साडेदहाची आरती म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. जुनोच्या धक्क्यावर नेटवर्क पकडून आम्ही गोंयचे आणि सिंधुदुर्गचे पाच-सहा जण एका फोनभोवती. जुनोला बाहेरून रस्ताच येत नाही माहीत आहे ना? राज्याची राजधानी, पण जायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. राखणदाराक सांगितलंय, पुढच्या खेपेक प्रवासी म्हणान धाड.

शेवंती:
दादा, डोळ्यात पाणी आणलंत. आम्ही तीन तीन ब्लँकेटं नेत होतो वर.

वेंगुर्ल्याचो झिल:
न्या हो ताई, पगार त्याचाच होता.

सातारकर:
टूरबरोबर गेलो होतो, नाव सांगत नाही. टूर मॅनेजर प्रत्येक ठिकाणी "फोटो, बाथरूम, दहा मिनिटं". हिमनदीला दहा मिनिटं! ती दहा हजार वर्षं थांबलीय.

पण स्कॅगवेची गाडी आवडली. व्हाइट पासची. १८९८ ला सुरू केली, १९०० ला पूर्ण. रूळ तीन फुटी, आपली माथेरानची दोन फुटी. वीस मैलांत २,८६५ फूट चढते. खाली दरीत सोन्याच्या मागे कॅनडात धावलेल्यांची जुनी पायवाट दिसते. कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान असल्याशिवाय हद्दीत घेत नसत, म्हणजे माणशी जवळजवळ टनभर. ते ओढता ओढता त्या वाटेवर तीनेक हजार घोडी मेली. गाइडने हे सांगितलं आणि पुढच्या मिनिटाला "उजवीकडे धबधबा".

स्कॅगवेत हिऱ्यांच्या दुकानात सिंधी काका भेटले, उल्हासनगरचे. उन्हाळा इथे, हिवाळा कॅरिबियनमध्ये, बोटींच्या मागोमाग. "काय घेणार नाही माहीत आहे, चहा घ्या" म्हणाले. अख्ख्या सहलीतला एकमेव प्यायलायक चहा.

चिंचगुळ:
चहा!!! पत्ता द्या.

मालवणी मसाला:
कुणी केचिकनला सामन बघितला का? ऑगस्टमध्ये ओढ्यात एवढा मासा की पाणी दिसत नाही. उलटा पोहत वर जातो, अंडी घालतो आणि मरतो. आमचे हे पुलावर उभं राहून हळहळत होते, त्याच्या मरणासाठी नव्हे, कुणी कालवणाला नेत नाही म्हणून. मग दुकानातून घेतला. बोटीवर शिजवता येत नाही. अँकरेजला चुलत नणंद आहे तिच्याकडे तिखलं केलं, तिरफळं मी नेलीच होती. पाऊस मात्र केचिकनला आंबोलीची आठवण काढायला लावतो, वर्षाला दीडशे इंच पडतो म्हणे.

घाटमाथा:
तिरफळं कस्टमने सोडली?

मालवणी मसाला:
औषध आहे म्हटलं. खोटं नाही ते.

पहाटवारा:
नॉर्वे चालेल ना? बर्गेनहून किर्केनेसला जाणारी किनाऱ्याची बोट. टपाल, माल, गावकरी, पर्यटक सगळे एकत्र, ३४ बंदरं. रात्री दोन वाजता एखाद्या गावाला पंधरा मिनिटं थांबते, कुणी आजी पिशवी घेऊन उतरते. शो नाही, कॅसिनो नाही. खूप लिहायचं आहे पण ऑफिसची बस आली.

कोकमकढी:
पहाटवारा, संध्याकाळी लिहाच.

व्हिटियरबद्दल एक राहिलं. बोटीतून उतरलो ते गाव म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती एकाच चौदा मजली इमारतीत. बाहेर पडायला अडीच मैलांचा बोगदा, एकच मार्गिका, तिच्यातच रूळ. आधी इकडच्या गाड्या, मग तिकडच्या, मग रेल्वे. सासूबाई म्हणाल्या, सोसायटीची मीटिंग म्हणजे ग्रामसभाच.

माणदेशी:
जायचं कधी? जून की ऑगस्ट? बायको विचारतेय.

भटकभवानी:
जूनमध्ये उजेड भरपूर, डासही भरपूर. ऑगस्टच्या शेवटी टुंड्रा लाल होतो, डास कमी, रात्री थोडा अंधार पडायला लागतो म्हणून फेअरबँक्सला नशीब असेल तर उत्तर ध्रुवीय प्रकाशही. पाऊस मात्र जास्त.

माणदेशी:
डासांना ओडोमॉस चालेल का?

नागझिरा:
चालेल. त्यांना चव आवडते.