बिशपच्या अंगठीला ओठ लावायचे की नाही?

भायखळ्याची_लेक
माहेर भायखळ्याचं, प्रोटेस्टंट. सासर मरोळ गावठणातलं, ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे मराठी ख्रिस्ती) कॅथलिक. लग्नाला १४ वर्षं झाली. मारियेवरून, रोझरीवरून वाद घालून झाले, विरले. आता नवीनच निघालंय.

गेल्या रविवारी लेकाचं कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झाला. बिशप आले होते. मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) हॉलमध्ये रांग लागली. माझ्या पुढे सासूबाई, ठेवणीतलं लाल लुगडं नेसून. त्या वाकल्या, बिशपांच्या अंगठीला ओठ लावले. माझी पाळी आली तेव्हा हात पुढे आलेलाच होता. मी हात जोडून "सलाम, बिशपसाहेब" म्हणाले. ते हसले, "सलाम" म्हणाले आणि मुलगा कितवीत आहे विचारलं. त्यांना काहीच वाटलं नाही. सासूबाईंना वाटलं. घरी फुगे (आमच्याकडचे तळलेले पाव) तळताना माझ्याकडून झारा घेतला आणि पाठ केली ती रात्रीपर्यंत.

मी मुद्दाम केलं नाही हो. माझी मानच वाकत नाही. आजोबा नगर जिल्ह्यातले. लहानपणी पाटलाच्या वाड्यासमोर वहाणा हातात घेऊन 'जोहार मायबाप' म्हणायला लागायचं. मिशनच्या शाळेत गेले आणि जोहार सुटला, 'सलाम' आला. मास्तरही मुलांना उलट सलाम करायचे, ह्याचंच त्यांना म्हातारपणापर्यंत अप्रूप होतं. पुढे ते मुंबईत गिरणीत लागले. आमच्या घरात लग्नातसुद्धा कुणी कुणाच्या पाया पडत नाही. वडील म्हणायचे, गुडघे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, टेकायचे, बाहेर नाही.

बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांत, कर्नेल्य नावाचा अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडतो, तेव्हा पेत्र त्याला उठवतो, मीही माणूसच आहे म्हणतो. मग पेत्राच्या मागून आलेल्या बिशपांपुढे का वाकायचं? लेक विचारतोय, आई बरोबर की आजी. डिसेंबरात फेस्ताला (चर्चच्या सणाला) बिशप परत येणार आहेत.

माझगावचा_जुना_अल्टर_बॉय
आधी एक गंमत. आम्हाला सिस्टरनी शिकवलं होतं: उजवा गुडघा पवित्र साक्रामेंतापुढे (मिस्सातल्या पवित्र भाकरीपुढे), डावा बिशपपुढे. चुकून उजवा टेकला की कानाला चिमटा. म्हणजे देव आणि माणूस ह्यांत गल्लत होऊ नये ही काळजी गुडघ्यापर्यंत पोचलेली होती! आराधना फक्त देवाची, संतांना आणि पवित्र वस्तूंना मान, हा फरक चर्चने ७८७ साली निकेआच्या परिषदेत मूर्ती-चित्रांच्या वादात मांडून ठेवलाय. अंगठीला दिलेला मान बिशपच्या हुद्द्याला असतो. उद्या ते गेले, दुसरे आले, तरी मान तोच.

तरी सांगतो, सक्ती कुठेच नाही. मार्च २०१९ मध्ये लोरेतोला पोप फ्रान्सिस रांगेतल्या लोकांसमोरून आपला हात मागे ओढत होते, तो व्हिडिओ जगभर फिरला. व्हॅटिकनने कारण सांगितलं, जंतू पसरू नयेत म्हणून. सनातनी कॅथलिक चिडले ते चिडलेच. आणि पुढच्याच महिन्यात त्याच पोपनी गुडघ्यावर येऊन दक्षिण सुदानच्या नेत्यांच्या बुटांना ओठ लावले, पुन्हा युद्ध नको म्हणून. ऐंशी पार केलेला माणूस, लोकांनी आधार दिला. तेव्हाही तेच लोक चिडले.

प्रभूचा_सेवक_नालासोपारा
ताई, तुम्ही बरोबर. मत्तय २३:९ वाचा. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. 'फादर' म्हणणंच मुळात चूक. अंगठी दूरच राहिली.

वसईकर
@प्रभूचा_सेवक, त्याच अध्यायात 'गुरू' म्हणवून घेऊ नका असंही आहे. शाळेत बाईंना काय म्हणायचात? आणि बायबलमध्येच प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की सुवार्तेने मीच तुमचा बाप झालो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो. उभा महाराष्ट्र त्यांना फादर म्हणायचा, अभंग म्हणणारेसुद्धा. त्यात देवाचं काही कमी झालं का?

आणि राग मानू नका, पण हायवेवर तुमच्या लोकांचे फ्लेक्स बघतो मी. पास्टरचा फोटो केवढा आणि येशूचं नाव केवढं! हिशेब विचारला की स्तोत्र १०५ काढतात, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका'. ते अब्राहाम, इसहाक, याकोबाबद्दल आहे. अंगठी परवडली, ती निदान बोटाएवढीच असते.

प्रभूचा_सेवक_नालासोपारा
सगळे तसे नसतात. आमचे पास्टर स्वतः खुर्च्या लावतात.

वसईकर
मग त्यांना माझा सलाम.

भायखळ्याची_लेक
वसईकर, तुमचं वाचून आमच्या 'पाळकसाहेबां'ची (प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मगुरूंची) आठवण झाली. बिशपची अंगठी नको, पण पाळक घरी आले की चांगली खुर्ची, चांगली कपबशी आणि वाक्याला दोनदा 'साहेब'. त्यांच्या आधी जेवायला बसलेलं वडिलांना अजिबात चालायचं नाही. हे कधी खटकलंच नव्हतं. आणि मी बिशपांनाही साहेबच म्हणाले की!

डाव्या गुडघ्याचं लेकाला सांगितलं. तो दिवसभर घरात डावा-उजवा करत फिरतोय.

काल रात्री भांडी घासताना सासूबाईंना जोहारची गोष्ट सांगितली. १४ वर्षांत कधी सांगितलीच नव्हती. त्यांना वाटायचं, आम्ही प्रोटेस्टंट लोक शिष्ट. बराच वेळ गप्प होत्या. मग "वहाणा हातात?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, फेस्ताला रांगेत तू माझ्या मागेच उभी राहा, मी दोघींच्या वाटचं करते.