मदत हवी आहे: कॅलगरी (अल्बर्टा प्रांत, कॅनडा) – ड्रमहेलर – डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क

माळरान:
जुलैअखेर पुण्याहून आईबाबा येत आहेत (वय ६८ आणि ७२), सोबत ८ आणि ११ वर्षांची मुलं. ड्रमहेलरचं रॉयल टिरेल म्युझियम (जीवाश्मांचं) आणि डायनासोर पार्क एका दिवसात होईल का? आईला गुडघ्यांचा त्रास आहे. मुलांना जीवाश्म गोळा करायचेत, ते चालतं का?

खडकवेडा:
एका दिवसात नको. कॅलगरी ते ड्रमहेलर साधारण १३५ किमी, दीड तास. पण पार्क ड्रमहेलरला लागून नाही. तिथून आणखी दोनेक तास लागतात; तो ब्रूक्स या गावाच्या ईशान्येला ४८ किमीवर आहे. बहुतेकांचा बेत इथेच फसतो.

पहिला दिवस: हायवे ९ ने निघा. ड्रमहेलरच्या अलीकडे १७ किमीवर हॉर्सशू कॅन्यन येतं. सपाट गव्हाच्या शेतांत अचानक जमीन संपते, ते दृश्य आईंना वरच्या कठड्यावरूनही दिसेल. मग म्युझियमला तीन तास द्या. ऊन उतरलं की हायवे १० वरचे हूडू: वरचा कठीण दगड टोपीसारखा राहतो, खालचा मऊ वाळूचा खडक झिजत जातो. मुक्काम ड्रमहेलरलाच.

दुसरा दिवस ब्रूक्समार्गे पार्क. तिथला बराच भाग संरक्षित असल्यामुळे गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि उन्हाळ्यात या टूर लवकर भरतात. म्हणून आधी टूरचं बुकिंग, मग हॉटेल. आईंसाठी बस टूर घ्या. शिवाय आतल्या गोल रस्त्यावर स्वतःच्या गाडीने जाऊन, सापडल्या जागीच ठेवलेले सांगाडे काचेतून पाहता येतात. हे खडक सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, मुलांना आधीच सांगून ठेवा. पेट्रोल ब्रूक्सलाच भरा, नकाशे डाउनलोड करून ठेवा.

चिकणमाती:
पावसाबद्दल विचारलं नाहीत, पण तेच सर्वांत महत्त्वाचं. इथल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेलं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) असतं. कोरडी असताना ती लाह्यांसारखी फुगीर दिसते. पाणी लागलं की साबणासारखी निसरडी होते आणि बुटांच्या तळाला गोळे धरते. सर आली की उतारावर जाऊच नका, आईंना तर अजिबात नेऊ नका. पूर्ण वाळेपर्यंत म्युझियम उरकून घ्या.

सावली जवळपास नाहीच, पारा ३५ अंशांवर जातो. दोन तासांच्या चालीला माणशी किमान एक लिटर पाणी. कपारीत हात घालू नये: पार्कमध्ये रॅटलस्नेक (विषारी साप) आहेत, निवडुंगही.

जीवाश्मांचं म्हणाल तर, पार्कमधून काहीही उचलता येत नाही. पार्कबाहेर, जागामालकाच्या परवानगीने, वर पडलेलं उचलता येतं. खोदणं मात्र बेकायदा. मालकी अल्बर्टा सरकारचीच राहते, परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही, म्हणजे पुण्याला तर नाहीच. काही दिसलं तर जागेवर ठेवून फोटो काढा, ठिकाण नोंदवा आणि म्युझियमला कळवा.

माळरान:
मुलांनी हाड की दगड, कसं ओळखायचं?

चिकणमाती:
तुटलेली कड बघायला सांगा. हाडात स्पंजसारखी बारीक छिद्रं दिसतात. तांबूस, जड, आतून एकसारखा तुकडा असेल तर बहुधा लोहयुक्त दगड. तो तिथे सगळीकडे पडलेला असतो.