मदत हवी आहे : म्हातारा मोती रात्रभर येरझारा घालतो
नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा मोती १४ वर्षांचा आहे. गेले ३ महिने तो रात्री दोन-अडीचला उठतो आणि घरभर फिरत राहतो. परवा तर दाराच्या बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा होता, दार उघडायची वाट बघत. कोपऱ्यात शिरला की मागे कसं यायचं तेच त्याला सुचत नाही. बघून पोटात कालवतं. दिवसभर मात्र गाढ झोप. घरात कधी शू न करणारा मोती आता फिरून आल्या आल्या करतो.

डॉक्टरांनी रक्त, लघवी, बीपी, थायरॉईड तपासलं. सांधे आणि नजरही पाहिली, कारण त्यांच्या दुखण्यातही अशीच लक्षणं दिसतात. तसं काही निघालं नाही. माणसांतल्या अल्झायमरसारखा हा मेंदूचा आजार, पूर्ण बरा होत नाही, असं ते म्हणाले. सेलेजिलिन हे औषध सुरू केलंय, पण गुण यायला काही आठवडे लागतात.

तोवर रात्री कशा काढायच्या? मंद दिवा, संध्याकाळचं फिरणं, हुंगून खाऊ शोधायचा खेळ, यातलं कुणाला उपयोगी पडलं? एमसीटी तेलाचा (खोबरेल तेलातून वेगळं काढलेलं, मेंदूला ऊर्जा पुरवणारं तेल) आहार कुणी दिलाय का? आणि तो घाबरून केकाटतो तेव्हा जवळ घ्यावं की थोडं लांबूनच बोलत राहावं? कृपया अनुभव सविस्तर लिहा.