मदत हवी आहे: एंजलफिशची अंडी दर वेळी तिसऱ्या रात्रीच नाहीशी होतात

माझ्या एंजलफिशच्या जोडीने दीड महिन्यात चार वेळा अंडी घातली आणि चारही वेळा तिसऱ्या रात्रीनंतर अंड्यांचं पान रिकामं सापडलं. नवी जोडी सुरुवातीची अंडी खाऊन टाकते हे ऐकून होते, त्यामुळे पहिल्या दोन वेळी फार मनाला लावून घेतलं नाही. नंतरच्या दोन वेळी मात्र नीट लक्ष ठेवलं आणि कोडं आणखीच वाढलं.

टँक २०० लिटरचा, तापमान २७ अंश, पीएच ७च्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. सहा लहान एंजल एकत्र वाढवले होते. त्यातल्या दोघांनी एक कोपरा बळकावला, बाकीच्यांना तिकडे फिरकू देईनात, तेव्हा चौघांना दुसऱ्या टँकमध्ये हलवलं. आता जोडीसोबत सहा कोरिडोरस आणि एक ब्रिसलनोज प्लेको, असे तळाशी वावरणारे मासे आहेत.

आधी दोन दिवस दोघं अमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं एकच रुंद पान तोंडाने खरवडून साफ करतात. मग संध्याकाळी सहाच्या सुमारास मादी पानाला पोट लावून खालून वर सरकत अंड्यांची ओळ चिकटवते आणि मागोमाग नर त्याच ओळीवरून जातो. दोन्ही माद्या असतील अशी शंका कोणी काढेल म्हणून सांगते, त्या वेळी एकीची पोटाखालची, अंडी घालायची नळी जाड आणि बोथट दिसते, दुसऱ्याची बारीक, टोकदार. शिवाय दोन्ही माद्या असत्या तर सगळीच अंडी न फळता पांढरी पडली असती. इथे दोनशेच्या वर अंड्यांतली पंचवीस-तीसच पांढरी होतात, तीही दोघं एकेक करून टिपून काढतात. बाकीची मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी राहतात आणि तिसरी रात्र पडायच्या आत त्यांत काळसर ठिपका आलेला असतो. पंखांनी पाणी हलवत राहणं आळीपाळीने चालूच. एक बाजूला झाला की दुसरा लगेच त्याच्या जागी. अडीच दिवस इतकं जीव लावून जपणारी ही दोघं एका रात्रीत सगळं गिळून टाकतात, हे मला पटत नाही.

लाइट टायमरवर आहे, रात्री दहाला बंद, सकाळी आठला चालू. अंडी काढून वेगळी उबवता येतात हे माहीत आहे, पण मला पिल्लं आई-बापांनीच वाढवलेली बघायची आहेत. नेमकी तिसरीच रात्र का? आणि मी काय बदलू?

प्रतिसाद १

तिसरी रात्र, कारण तुमच्या तापमानाला अंडी साधारण साठ तासांत फुटतात. संध्याकाळी सहाला घातलेली अंडी म्हणजे तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे सहाला फुटणार, आणि तेव्हा तुमच्या टँकमध्ये मिट्ट काळोख असतो. अंडी फुटायला लागली की एंजल पिल्लं तोंडात घेऊन दुसऱ्या जागी नेऊन चिकटवतात. त्यामुळे पान रिकामं दिसलं म्हणजे खाल्लीच असं धरू नका. आजूबाजूची पानं, फिल्टरचा पाइप, हीटरची मागची बाजू बघितली होती का?

पण अंधारात त्यांना धड दिसत नाही, आणि प्लेको तर रात्रीच हिंडतो. माझा पहिला संशय त्याच्यावर. तो पानाजवळ आला की आई-बाप बिथरतात आणि तोंडात असलेली पिल्लं गिळून टाकतात, हे मी स्वतः बघितलंय. प्लेको आणि कोरिडोरस दुसऱ्या टँकमध्ये हलवा. रात्रभर एक मंद दिवा ठेवा, पान जेमतेम दिसेल इतकाच. आणि त्या तीन दिवसांत टँकमध्ये हात घालू नका, पाणी बदलणं आधीच उरका.

प्रतिसाद २

सरळ पान कापून वेगळ्या भांड्यात ठेवा, त्याच टँकचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं मेथिलीन ब्लू. बाजारातले बहुतेक एंजल असेच वाढवलेले असतात. अंडी काढली की जोडी दहा-बारा दिवसांत पुन्हा घालते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. भांड्याचा मार्ग शेवटचा ठेवते. पाइपच्या मागे मी एकदाही बघितलं नव्हतं, याचं आता फार वाईट वाटतंय. प्लेको आणि कोरिडोरस आजच हलवले.

मूळ प्रश्नकर्ती, दोन आठवड्यांनी

रविवारी संध्याकाळी पुन्हा अंडी घातली. मंद दिवा रात्रभर ठेवला. बुधवारी पहाटे पाचला उठून दुरूनच बघत बसले. मादी अंड्यांवर तोंड टेकवायची, काहीतरी चघळल्यासारखं करायची आणि शेजारच्या पानावर जाऊन हलकेच थुंकायची. मला वाटलं, खातेच आहे. उजाडलं तेव्हा त्या पानावर पिल्लांचा झुबका लटकत होता, डोकी चिकटलेली आणि शेपट्या थरथरत. नीट मोजता येत नाहीत, पण शंभर तरी असावीत. त्यानंतर दोघांनी त्यांना आणखी दोनदा हलवलं, आता फिल्टरच्या पाइपवर आहेत.

आज शनिवार. सकाळी एक पिल्लू सुटून तळाकडे घसरत होतं. नर खाली झेपावला, ते तोंडात धरलं आणि वर आणून परत झुबक्यावर थुंकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता सांगा, खाणं कधी सुरू करू? आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना खायला घालतात त्या बारीक कोळंबीसारख्या जिवांची, अंडी आणून ठेवली आहेत. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावू का, की हात घातला तर दोघं बिथरतील?

प्रतिसाद १

वा! स्पंज आजच लावा, लाइट चालू असताना, हळू हाताने. पिल्लं पाइपवरच असतील तर फिल्टर आधी बंद करा. ती फिल्टरमध्ये ओढली जाण्यापेक्षा दोघं घटकाभर चिडलेली परवडली.

खाणं आत्ता नको. पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत त्यांना काही लागत नाही, उलट पाणी खराब होईल. उद्या-परवा पिल्लं पाइप सोडून आई-बापांभोवती ढगासारखी पोहायला लागतील, तेव्हा द्या. आर्टेमिया फुटायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून मिठाच्या पाण्यात अंडी आज रात्रीच टाका, खालून हवा सोडून. उद्या रात्री दुसरं भांडं लावा, म्हणजे रोज ताजी मिळेल. दिवसातून तीन-चारदा, थोडी थोडी. पोटं नारिंगी दिसली की समजा, खाताहेत.

आणि मंद दिवा इतक्यात काढू नका.