गिरणगाव पांगले, तशी मैत्रीही

तरुणपणीची ध्येये आणि मैत्री माणसे स्वार्थी झाल्यामुळे विरली, हे नेहमी ऐकू येणारे मत मला निदान गिरणगावापुरते, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या कामगार वस्तीपुरते तरी अपुरे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी आणि माझा मित्र महाविद्यालयात होतो. गोणपाटाची पिशवी घेऊन आम्ही दादरला संपकऱ्यांसाठी घरोघर तांदूळ मागत असू, आणि आमच्याबरोबर येणारी, त्याच्या मनात भरलेली मुलगी प्रत्येक घरची मापे वहीत टिपून ठेवत असे. वर्षभरात तिच्या वडिलांनी लालबागची खोली विकून बिऱ्हाड कोकणात हलवले. त्या दोघांचे भांडण असे कधी झालेच नाही. पगार थांबला, खोली गेली आणि पत्रे हळूहळू विरळ झाली.

जागेचे पुढे काय झाले, तेही पाहावे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक असे तीन वाटे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. (त्या दुरुस्तीविरुद्ध आम्ही दोघांनीही साधे निषेधाचे पत्रसुद्धा लिहिले नाही, हा दोष मात्र आमचाच.) मित्र आता बदलापूरला राहतो. लोअर परळच्या मॉलमध्ये आम्ही एकदाच भेटलो, तेव्हा गिरणीची जुनी धुराची चिमणी पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो त्या वहीचा.