छातीतला खड्डा आणि तालीम

ताई, तुमच्या मुलाच्या छातीच्या मधोमध खड्डा आहे, त्यावर एका दादांनी सुचवलंय की मुलाला तालमीत घाला, दंड-बैठकांनी छातीतला खड्डा भरेल. आपल्या कोल्हापुरात हा सल्ला घरोघरी मिळतो. व्यायामाने पाठ सरळ राहते, दम वाढतो, ते चांगलंच. पण खड्डा स्नायूंचा नाही. बरगड्यांना छातीच्या मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) वेड्यावाकड्या वाढतात आणि हाड आत ढकललं जातं. यात कॅल्शियमच्या गोळ्यांचाही उपयोग नाही, आणि आईच्या खाण्यापिण्याचा तर काहीच दोष नाही. हे सासरी ठणकावून सांगा.

आधी सीटी स्कॅन करतात. छातीची आतली रुंदी भागिले छातीचं मधलं हाड ते मणका हे अंतर, याला हॅलर इंडेक्स म्हणतात. साधारण २.५ असतो, ३.२५ च्या वर गेला आणि दम लागत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. टू-डी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मूल उंच, लांब बोटांचं असेल तर मारफानची (हाडं, सांधे, हृदय यांवर परिणाम करणारा जन्मजात आजार) शंका डॉक्टरांना जरूर विचारा.

शस्त्रक्रियेच्या दोन मुख्य पद्धती. रॅविच पद्धतीत (१९४९) वाकड्या कूर्चा काढतात. डॉ. नस यांच्या पद्धतीत दोन्ही कुशींतून धातूची वाकवलेली पट्टी सरकवून हाड उचलतात; ती दोन-तीन वर्षं आत राहते. सुरुवातीला दुखतं, बरंच दुखतं, मुलाला आधीच सांगा. पट्टी असेपर्यंत कुस्ती बंद.

खड्ड्याऐवजी छाती पुढे आलेली असेल तर मात्र वाढत्या वयात बऱ्याचदा बाहेरून बांधायच्या पट्ट्याने (ब्रेसने) भागतं.